घराचें अनुदान कोणास व घराचें कर्ज कोणास?

२० मे २०२५ रोजीं महाराष्ट्र सरकारच्या मंत्रिमंडळानें नवें गृहनिर्माण धोरण मंजूर केलें व त्याला 'माझे घर, माझे अधिकार' असें नांव दिलें. २००७ सालानंतर राज्यानें असें धोरण प्रथमच केलें. २०३० सालापर्यंत दुर्बळ व अल्प उत्पन्नाच्या लोकांकरितां ३५ लाख घरें व्हावींत व त्यांत ७० हजार कोटी रुपये गुंतावेत, असा त्याचा आंकडा आहे. आंकडा मोठा आहे, नांवहि गोड आहे. या निमित्तानें एक जुना वाद पुन्हां वर आला आहे. एक पक्ष म्हणतो, सरकारनें गरिबांस घरें बांधून द्यावींत, निदान बांधावयास पैसा तरी द्यावा. दुसरा म्हणतो, फुकट दिल्यानें माणूस आळशी होतो. सरकारनें बँकांकडून स्वस्त कर्ज मिळवून द्यावें, म्हणजे ज्याला घर हवें तो आपल्या हिमतीवर बांधील. दोन्ही पक्षांचे वकील शहाणे आहेत. परंतु ज्या माणसावरून हें भांडण चाललें आहे तो नेर तालुक्यांतील एखाद्या खेड्यांत पऱ्हाटीच्या कुडाला शेणमाती लिंपीत बसला आहे, व त्याला या वादांत साक्षीस कोणी बोलाविलेलें नाहीं. आम्ही खेड्यांतले मास्तर. आम्हांसहि कोणी बोलाविलेलें नाहीं. पण या प्रकरणांत आमचा हात ओला झालेला आहे, तो प्रथम दाखवून मगच आम्ही तोंड उघडणार आहों.

अध्यापक विद्यालयांतून बाहेर पडून आम्ही शिक्षणसेवक म्हणून लागलों तेव्हां दरमहा ३ हजार रुपये मानधन होतें, व तें तीन वर्षें होतें. त्या तीन वर्षांत एका बँकेच्या पायऱ्या आम्ही एकदां चढलों. तेथील साहेबांनीं आम्हांस बसा देखील म्हटलें नाहीं. पुढें नोकरी कायम झाली, वेतनश्रेणी लागली, पगाराचा कागद हातांत आला. २०१९ सालीं नेर शहरांत घर बांधण्यासाठीं आम्ही कर्ज मागावयास गेलों तों दुसऱ्या एका बँकेच्या साहेबांनीं चहा मागविला. त्याच वेळीं केंद्र सरकारची व्याजसवलतीची योजना चालू होती. शहरी प्रधानमंत्री आवास योजना २०१५ सालच्या जूनमध्यें सुरू झाली, व २०१७ सालापासून तींत मध्यम उत्पन्नाच्या लोकांसहि घेतलें. वर्षाला ६ ते १२ लाख मिळविणाऱ्यास ९ लाखांपर्यंतच्या कर्जावर शेंकडा ४ ची सूट, आणि १२ ते १८ लाख मिळविणाऱ्यास १२ लाखांपर्यंतच्या कर्जावर शेंकडा ३ ची. वीस वर्षांची सूट आजच्या किंमतीस आणून एकदम कर्जखात्यांत जमा करीत. पहिल्यास ती जास्तींत जास्त सुमारें २ लाख ३५ हजार पडे, दुसऱ्यास सुमारें २ लाख ३० हजार. आमच्या खात्यांत अशी सव्वादोन लाखांच्या वर रक्कम पडली. आम्ही दोन ठिकाणीं सह्या केल्या, एवढेंच आमचे श्रम.

त्याच २०१९ सालीं, आमच्या शाळेच्या गांवीं, ज्याच्या घरावर धड कवेलू नाहीं अशा मजुरास घरकुलाचे म्हणून मिळत होते १ लाख २० हजार!

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. वर्षाला १८ लाख मिळविणाऱ्याच्या घरास सरकारनें दोन लाख तीस हजारांपर्यंत मदत केली, व जो वर्षाला लाख मिळवितो कीं नाहीं याची शंका, त्याच्या घरास तिच्या निम्म्याच्या आंतबाहेर. आमचें नांव ग्रामसभेंत मोठ्यानें वाचलें गेलें नाहीं. पडक्या भिंतीपुढें उभें करून कोणी आमचा फोटो काढला नाहीं. आमच्या दारावर योजनेची पाटी रंगविली नाहीं. आम्हांस फुकटे कोणी म्हटलें नाहीं. उलट 'गुरुजींनीं घर केलें' म्हणून लोक पेढे खाऊन गेले. शिवाय जुन्या पद्धतीनें आयकर भरणाऱ्यास राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजापोटीं वर्षाला २ लाखांपर्यंत उत्पन्नांतून वजावट मिळते ती निराळीच. ही वजावट म्हणजे सरकारचा पैसाच आहे; फक्त तो तिजोरींतून बाहेर न येतां तिजोरींत जातच नाहीं, म्हणून दिसत नाहीं. मध्यम वर्गाची ती सवलत मार्च २०२१ मध्यें संपली व अल्प उत्पन्नवाल्यांची मार्च २०२२ मध्यें. परंतु १ सप्टेंबर २०२४ पासून योजनेची दुसरी फेरी निघाली, व तींत २५ लाखांपर्यंतच्या कर्जांत पहिल्या ८ लाखांवर शेंकडा ४ ची सूट, म्हणजे पांच हप्त्यांत १ लाख ८० हजारांपर्यंत, ठेविली आहे. तेव्हां 'अनुदान कीं कर्ज' हा वादच मुळीं खोटा आहे. अनुदान दोघांसहि आहे. एकाचें तें भीक म्हणून मोजलें जातें, दुसऱ्याचें कर्जाच्या पदराआड झांकून जातें.

आतां घरकुलाचा हिशेब सांगतों. १९८५ सालीं इंदिरा आवास योजना निघाली. ती २०१६ सालीं बदलून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण झाली. पूर्वीं सपाट मुलखांत ७० हजार मिळत, ते १ लाख २० हजार झाले. घर किमान २५ चौरस मीटरांचें असावें, म्हणजे आपल्या मापानें सुमारें २६९ चौरस फूट. शौचालयाचे १२ हजार निराळे, व रोजगार हमींतून सुमारें ९० दिवसांची मजुरी निराळी. २०२५ सालच्या अर्थसंकल्पांत राज्य सरकारनें यांत ५० हजारांची भर घातली. त्यांतले ३५ हजार बांधकामाचे व १५ हजार छपरावर सौर वीज बसविण्याचे. सारें मिळून आंकडा २ लाखांच्या थोडा वर जातो. ही वाढ चांगली झाली, ती करणाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. पण ज्या मिस्त्र्यानें आमचें घर बांधलें त्याजकडून आम्ही २६९ फुटांचा हिशेब करून घेतला. विटा, गिट्टी, रेती, लोखंड, सिमेंट व मजुरी धरून फुटास १,३०० च्या खालीं तो उतरेना. म्हणजे साडेतीन लाख. दीड लाखाचें भगदाड राहिलें. तें कोणी भरावें? सरकारी कागद म्हणतो, लाभार्थ्यानें. लाभार्थी कोठून भरतो, हें पाहावयास कागद येत नाहीं. म्हणून आम्ही गेलों.

आमच्या शाळेंत चौथींत शिकणाऱ्या एका मुलाची आई आहे. नवरा पांच वर्षांपूर्वीं गेला. कसा गेला तें यवतमाळ जिल्ह्यांतील वाचकांस सांगावयास नको. दोन एकर वावर आहे, तें सासऱ्याच्या नांवें. बाई मजुरीस जाते. २२ फेब्रुवारी २०२५ रोजीं पुण्यास केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्तें राज्यांतील २० लाख लोकांस घरकुलाचीं मंजुरीपत्रें एकदम देण्यांत आलीं, त्यांत या बाईचेंहि नांव होतें. खात्यांत १५ हजारांचा पहिला हप्ता पडला. आनंदाच्या भरांत तिनें एप्रिलमध्यें जुनें कुडाचें घर पाडलें, कारण जागा तेवढीच. मे महिन्यांत जोता उठला. जोत्याचा फोटो काढून वर गेला कीं दुसरा हप्ता येतो, असा नियम. फोटो गेला. हप्ता आला नाहीं. तो कोणत्या टेबलावर अडला तें आम्ही लिहीत नाहीं. आम्हीहि सरकारचे नोकर आहों, व टेबलें बदलतात पण अडणें बदलत नाहीं.

जूनमध्यें आम्ही गेलों तेव्हां बाई ताडपत्रीखालीं चूल पेटवीत होती. म्हणाली, "गुरुजी, पयला हप्ता आला म्हून मी घर पाडलं. आता पाणी आलं, पन हप्ता नाई आला." रेतीचा पास तिच्याजवळ होता. सरकारनें त्याच एप्रिलांत नव्या वाळूधोरणांत घरकुलवाल्यास ५ ब्रास रेती मोफत ठरविली आहे, ही गोष्ट खरी. पण रेती मोफत, ट्रॅक्टर मोफत नाहीं. वाहतुकीचा खर्च लाभार्थ्याचा. ट्रॅक्टरवाल्यानें सांगितलेल्या भाड्यांत पूर्वीं रेतीसकट खेप येत असे. शेवटीं बाईनें तीन बकऱ्या विकल्या, भावाकडून कांहीं घेतलें व बायकांच्या गटावर कर्ज देणाऱ्या एका कंपनीकडून ६० हजार उचलले. तिचें पासबुक आम्ही स्वतः वाचलें. व्याज शेंकडा २४ च्या आसपास, मुदत दोन वर्षें, वसुली करणारा पोरगा मोटारसायकलीवर दाराशीं येतो, व एकीनें हप्ता चुकविला तर बाकीच्यांनीं भरावयाचा.

गणित आमचा शिकविण्याचा विषय आहे, म्हणून करून पाहिलें. ६० हजारांवर दोन वर्षांत शेंकडा २४ नें तिला सुमारें १६ हजार व्याज पडेल. तेवढेंच कर्ज, तेवढ्याच मुदतीनें, आमच्या घरकर्जाच्या शेंकडा ८ च्या दरानें तिला मिळालें असतें तर व्याज ५ हजारांच्या आसपास झालें असतें. २०२५ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रिझर्व्ह बँकेनें आपला दर ६.५० वरून ५.५० वर आणला. आमचा हप्ता उतरला. बाईच्या दाराशीं येणाऱ्या मोटारसायकलीला ती बातमी पोंचलेली नाहीं. सावकारी बंद झाली असें म्हणतात. १९३३ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत कर्जलवादाचा कायदा झाला तेव्हांहि आमच्या आजोबांच्या पिढीस तसेंच वाटलें असेल. सावकारानें पागोटें काढलें व गळ्यांत ओळखपत्र अडकविलें. चोपडीच्या ठिकाणीं फोन आला.

कोणी विचारील, बाई बँकेंत कां गेली नाहीं? घरकुलाच्या नियमांतच लिहिलें आहे कीं, लाभार्थ्यास हवें असल्यास ७० हजारांपर्यंत कर्ज वित्तसंस्थेकडून मिळवून द्यावें. नियम उत्तम आहे. तो वापरून कर्ज घेतलेला एकहि मनुष्य आमच्या पाहण्यांत नाहीं. आम्ही बाईस घेऊन एका बँकेंत गेलों. तेथील कारकुनानें अत्यंत सभ्यपणें तीन गोष्टी मागितल्या: उत्पन्नाचा कागद, जागेचा कागद, जामीन. मजुरीच्या उत्पन्नाचा कागद कोण देणार? जागेचा म्हणून बाईनें ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढें केला. कारकून म्हणाला, हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे; यावर गहाण होत नाहीं. तो खोटें बोलला नाहीं. येथेंच सारी मेख आहे.

गांवठाणांतील घरांच्या जागा पिढ्यानपिढ्या लोकांच्या ताब्यांत आहेत, पण त्यांची सरकारी मोजणी व सनद बहुतेक ठिकाणीं नव्हती. शेताला सातबारा आहे, म्हणून शेतावर पीककर्ज निघतें. घराला तसा कागद नाहीं, म्हणून घर कर्जापुरतें नाहींच! २४ एप्रिल २०२० रोजीं केंद्र सरकारनें स्वामित्व योजना सुरू केली, ती या रोगावरचें खरें औषध आहे. ड्रोननें गांवठाण मोजावें, नकाशा करावा व प्रत्येकास मिळकतपत्रिका द्यावी, अशी ती योजना. १८ जानेवारी २०२५ रोजीं देशांत एकदम ६५ लाख पत्रिका वाटल्याचा समारंभ झाला. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पत्रिका समारंभांत मिळून भागत नाहीं. ती घेऊन गेलेल्या माणसास बँकेनें खुर्ची दिली पाहिजे. ज्याच्या पत्रिकेवर अद्याप मेलेल्या आज्याचें नांव आहे, किंवा चार भावांच्या एकाच पडवीचा वाद आहे, त्याला ती पत्रिका भिंतीवर लावण्यापलीकडे उपयोगाची नाहीं. गांवीं वारसनोंदी करण्याचें काम गृहनिर्माणाचें काम समजलें पाहिजे. तें कंटाळवाणें आहे, त्याचें उद्घाटन करतां येत नाहीं, म्हणूनच तें मागें पडतें.

ज्याला जागाच नाहीं त्याची गोष्ट याहून कठीण. गायरानावर, नदीच्या कांठीं, रस्त्याच्या कडेला चाळीस वर्षें राहिलेलीं कुटुंबें आमच्याकडे आहेत. त्यांचें नांव यादींत येतें व जागेच्या रकान्यांत अडकतें. अशांसाठीं पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नांवानें जागा खरेदीस मदत देण्याची योजना आहे. पूर्वीं ५० हजार मिळत, पुढें ते १ लाख झाले. पण गांवांत जागा विकणारा कोण? ज्याच्या वावराला रस्ता लागून आहे तो. तो गरजवंतास पाहून भाव सांगतो. २०१८ सालीं सरकारनें १ जानेवारी २०११ पूर्वींचीं राहतीं अतिक्रमणें नियमानुकूल करण्याचा निर्णय घेतला, तो योग्य होता. पण २०११ पूर्वीं आपण येथेंच राहत होतों हें सिद्ध करावयास वीजबिल लागतें, व वीज मिळावयास जागेचा कागद लागतो. हें चक्र ज्यानें फिरवून पाहिलें त्यासच कळेल.

नेरच्या वेशीवर उभें राहून आणखी एक मौज पाहतां येते. रस्त्याच्या अलीकडे नगरपरिषदेची हद्द आहे. तेथें स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या गरिबास केंद्राचे दीड लाख व राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळतात. हद्दीच्या पलीकडे ग्रामपंचायत लागते. तेथें वर सांगितलेला १ लाख २० हजारांचा हिशेब. २०२५ सालच्या वाढीनें अंतर कमी झालें, मिटलें नाहीं. दोन्हींकडे वीट एकाच भट्टीची, सिमेंट एकाच दुकानाचें, मिस्त्री तोच. उलट मांगलादेवी किंवा मोझर येथें नेरहून माल न्यावयाचा म्हणजे भाडें जास्त. खेड्यांतील माणसाचें डोकें लहान असतें म्हणून त्यास छप्पर लहान चालतें, असा कांहीं शोध सरकारास लागला असल्यास तो आम्हां मास्तरांस अजून शिकविण्यांत आलेला नाहीं.

योजनांचीं नांवें तर इतकीं आहेत कीं, आमच्या मुलांस त्यांचें पाठांतर द्यावें. अनुसूचित जाती व नवबौद्धांस रमाई, आदिवासींस शबरी, भटक्या-विमुक्तांस यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, व २०२३ पासून इतर मागासवर्गास मोदी आवास, ज्यांत तीन वर्षांत १० लाख घरें ठरविलीं. ज्या ज्या समाजास शतकानुशतकें वेशीबाहेर किंवा वेशीवर ठेविलें त्याला त्याच्या नांवानें हक्क मिळावा हें न्याय्यच आहे. पण होतें असें कीं, एका गल्लीतले चार गरीब चार याद्यांत वाटले जातात, एकीचें उद्दिष्ट येतें व दुसरीचें येत नाहीं, आणि मग ज्याचें आलें नाहीं तो सरकारशीं न भांडतां शेजाऱ्याशीं भांडतो. या भांडणावर निवडणुका लढविणारे आमच्याच रक्ताचे पुढारी आहेत, हें लिहितांना आम्हांस लाज वाटते. पूर्वीं गांवचा कुळकर्णी लेखणीच्या जोरावर अडाण्यास नागवीत असे, म्हणून जोतीराव फुल्यांनीं जन्मभर आसूड ओढला. आतां यादींत नांव वर सरकवितों म्हणून पांच-दहा हजार मागणारा कोण आहे? त्याचें आडनांव पाहावें. तो बहुधा आपल्याच आळींतला, आपल्याच शाळेंत शिकलेला निघतो. आम्हीच त्यास बाराखडी शिकविली.

यादीचे नियम हा असाच एक छळ होता. ज्याच्या घरीं दुचाकी त्याचें नांव कापावें, असा नियम कित्येक वर्षें चालला. दहा हजारांस घेतलेल्या जुन्या फटफटीवर बापलेक दोघे कामास जात, व तिच्यामुळें घर जाई. २०२४ सालीं ती अट काढली व कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजारांवर नेली. यास शहाणपण उशिरां आलें तरी शहाणपणच म्हणावें. घर बाईच्या नांवें किंवा नवराबायकोच्या दोघांच्या नांवें मंजूर करावें, हा नियमहि या योजनेंतील सर्वांत चांगल्या नियमांपैकीं आहे. तो मोडण्यासाठीं नवरे किती युक्त्या करतात तें पाहिलें म्हणजे त्याचें मोल कळतें.

आतां कर्जवाल्या पक्षास दोन शब्द. वऱ्हाडचे गाडगेबाबा कीर्तनांत लोकांस कर्ज काढूं नका म्हणून कळवळून सांगत. त्यांनीं स्वतःसाठीं घर बांधलें नाहीं, आणि पंढरपूर-नाशिकास परक्या गोरगरिबांसाठीं धर्मशाळा उभ्या केल्या. त्या माणसाच्या मुलखांत राहून आम्ही वीस वर्षांचें कर्ज डोक्यावर घेतलें आहे, तेव्हां कर्ज पाप आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. दरमहा ठरलेला पगार येतो त्याला कर्ज ही शिडी आहे. ज्याचा पगार पाऊस ठरवितो व कापसाचा भाव ठरवितो, त्याला तीच शिडी विहिरींत उतरविते. महिन्याच्या हप्त्याचें कर्ज हें मुळांत पगारदाराच्या मापानें शिवलेलें अंगरखें आहे. १९७० सालीं हुडको निघाली, १९७७ सालीं मुंबईस घरकर्ज देणारी पहिली मोठी खाजगी संस्था निघाली, १९८८ सालीं राष्ट्रीय गृहनिर्माण बँक निघाली. पन्नास वर्षें झालीं, तरी पीक निघाल्यावर वर्षांतून एकदां हप्ता घेणारें घरकर्ज आमच्या तालुक्यांत आम्ही पाहिलेलें नाहीं. ट्रॅक्टर घ्यावयाचा असला तर सहामाही हप्ता चालतो. घराला कां चालूं नये? आणि ज्यांस फेडण्याची ताकद नाहीं त्यांच्या गळ्यांत घरकर्जें बांधलीं म्हणजे काय होतें, तें अमेरिकेनें २००८ सालीं साऱ्या जगास दाखविलें.

सरकारनें घरें बांधूं नयेत, तें त्याचें काम नव्हे, असेंहि एक पांडित्य आहे. इंग्रज सरकार कांहीं आपलें मायबाप नव्हतें; तरी १९२० नंतरच्या पांच-सहा वर्षांत मुंबईंत वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें त्यानें २०७ बी. डी. डी. चाळी उभ्या केल्या. खोली १६० चौरस फुटांची, कोंदट, पण दगडासारखी पक्की. शंभर वर्षें मजुरांच्या पिढ्या तींत वाढल्या, व ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या ५५६ कुटुंबांस त्याच जागीं ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. व्हिएन्ना शहरानें १९२३ सालीं घरबांधणीचा कर बसविला, मोठ्या बंगल्यावर मोठा व लहान खोलीवर नांवापुरता. त्या पैशानें १९३४ पर्यंत मजुरांसाठीं ६० हजारांवर घरें बांधलीं. दूर कशास, सोलापूर पाहावें. तेथील विडी कामगार बायकांनीं संघटना केली, नरसय्या आडम यांच्यासारखा मास्तर पुढें झाला, व २००६ सालीं कुंभारीस गोदूताई परुळेकरांच्या नांवाची १० हजार घरांची वसाहत झाली. पुढें असंघटित कामगारांसाठीं रे नगरची ३० हजार घरांची योजना आली, तींतलीं १५ हजार १९ जानेवारी २०२४ रोजीं पंतप्रधानांच्या हस्तें दिलीं गेलीं. पुढाऱ्याचा झेंडा कोणता व उद्घाटकाचा कोणता हें पाहिलें तर दोघांचें जन्मांत पटावयाचें नाहीं. पण हजारों बायका एका सहकारी संघांत एकत्र उभ्या राहिल्या म्हणजे दिल्लीलाहि यावें लागतें. नेर तालुक्यांत कापूस वेचणाऱ्या बायका तेवढ्या नसतील. पण ज्या आहेत त्यांचा एकहि गृहनिर्माण संघ आमच्या ऐकण्यांत नाहीं. गट आहेत, ते कर्ज फेडण्यासाठीं.

आमच्या लोकांचेंहि चुकतें, तें लपवून काय उपयोग? पहिला हप्ता आला कीं कोणी त्यांतून मुलीचें लग्न उरकतो. कोणी २६९ फुटांचें मंजूर असतां शेजाऱ्याच्या ईर्षेनें ६०० फुटांचा जोता घालतो, मग दहा वर्षें त्या जोत्यावर बकऱ्या बसतात. कोणी मिळालेलें घर भाड्यानें देऊन स्वतः झोपडींत राहतो. असे लोक थोडे आहेत, पण टीकाकारांस तेवढेच दिसतात. जुनें घर दुसरा हप्ता हातीं येईपर्यंत पाडूं नये, निदान उन्हाळ्याच्या अखेरीस तर मुळींच पाडूं नये, एवढें तरी प्रत्येकानें ध्यानांत धरावें.

सरकाराकडे आमचें मागणें फार नाहीं. जोत्याचा फोटो वर गेल्यापासून तीस दिवसांत हप्ता न आल्यास त्या मागच्या दिवसांचें व्याज लाभार्थ्यास द्यावें. आम्ही घरकर्जाचा हप्ता एक दिवस चुकविला तर बँक आमच्याकडून दंड घेतेच कीं नाहीं? खेडें व शहर यांतील अनुदानाचा भेद काढावा. आणि नियमांत लिहिलेलें तें ७० हजारांचें कर्ज जिल्हा सहकारी बँकेनें व गांवच्या सोसायटीनें मिळकतपत्रिकेवर, सुगीच्या हप्त्यानें, घरकर्जाच्या दरानें द्यावें, व त्याची हमी सरकारनें घ्यावी. वर्षाला १८ लाख मिळविणाऱ्याची सूट ज्या तिजोरीस जड झाली नाहीं, तिला हें जड होणार नाहीं.

ती बाई अजून गांवांतच आहे. दुसरा हप्ता दसऱ्याच्या तोंडावर आला. भिंती दारा-खिडकींवरच्या पट्टीपर्यंत आल्या आहेत, छप्पर राहिलें आहे. जुलै व ऑगस्ट या दोन महिन्यांत तिच्या मुलाची हजेरी आमच्या पुस्तकांत निम्म्याहून कमी लागली, कारण ताडपत्रीखालचें दप्तर भिजे. आतां तो रोज येतो. परवां त्यानें आम्हांस विचारलें कीं, सर, तुमच्या घरावर पाटी कां नाहीं? आम्हीं त्यास उत्तर दिलें नाहीं.

येत्या रविवारपासून सकाळीं आठ ते अकरा आम्ही शाळेच्या ओट्यावर बसणार आहों. ज्यांचे हप्ते थकले असतील त्यांनीं मंजुरीपत्र, बँकेचें पासबुक व जोत्याचा फोटो आणावा. ज्यांचें नांव जागेमुळें अडलें असेल त्यांनीं नमुना ८ व असल्यास मिळकतपत्रिका आणावी. ज्यांच्या पत्रिकेवर मयताचें नांव असेल त्यांनीं मृत्यूचा दाखला घेऊन यावें. अर्ज आम्ही लिहून देऊं. लिहिण्याचे पैसे पडणार नाहींत, आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेंत हे सर्व अर्ज आम्ही एकापाठोपाठ एक वाचणार आहों.